कोरा चौकोन

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर धाकट्या दिराने गावाच्या नव्या आराखड्याची प्रत आणली ती सरळ मागच्या कारखान्यात. एवढा मोठा कागद मावेल असं टेबल घरात दुसरं नव्हतं. वहिनींनी कापायला घेतलेलं रेक्झिन गुंडाळून ठेवलं, खडू आणि दाभणं बाजूला सारली आणि कागदाच्या चार कोपऱ्यांवर खिळ्यांचे चार डबे ठेवले. मग चष्मा लावून त्या आपली गल्ली शोधायला लागल्या.

गल्ली होती. शेजारच्या सायकलवाल्यांचं दुकान होतं, कोपऱ्यावरची पाण्याची टाकी होती, मागच्या शाळेची भिंतसुद्धा होती. यांचं घर असायला हवं तिथे मात्र पुढे एक पुसट चौकोन आणि मागे, म्हणजे आत्ता त्या उभ्या होत्या नेमकं तिथे, हिरवा रंग होता. हिरव्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘शाळेचे क्रीडांगण, प्रस्तावित.’

"म्हणजे आपण सध्या मैदानात उभे आहोत," वहिनी म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. खरं तर त्यांनाही हसू आलेलं नव्हतं. बावीस वर्षं त्या या खोलीत लोकांचे सोफे उसवत होत्या आणि पुन्हा शिवत होत्या. नवरा, घरातला थोरला, गेला तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, पदरी मूल नव्हतं, आणि घरात कमावतं कोणी उरलं नव्हतं. धाकट्याचं कॉलेज, सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, डोळ्यांचं ऑपरेशन, पुढच्या घराचं छप्पर, सगळं या बावीस बाय चौदा फुटांच्या खोलीतून निघालं होतं. गावात त्यांना सोफेवाल्या वहिनी म्हणत, आणि ज्यांच्या घरी त्यांच्या हातची खुर्ची नव्हती अशी घरं थोडी होती.

धाकटा पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर, त्यामुळे कागद वाचायची त्याला सवय. त्याने बोट ठेवून समजावलं. नवा आराखडा अडतीस वर्षांपूर्वीच्या जुन्या नकाशावर बेतला होता. पुढचं घर घरपट्टीच्या कागदांवरून मागाहून भरलं गेलं होतं. मागची खोली जुन्या नकाशात नव्हती, आणि तिच्या परवानगीचे कागद जुन्या कार्यालयाच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हाच लगदा होऊन गेले होते. म्हणजे कार्यालयाच्या हिशोबाने ही खोली कोणीतरी नंतर गुपचूप बांधलेली होती. मंगळवारी अकरा वाजता सुनावणी होती. तोवर लेखी हरकत दिली नाही तर खोली पाडून शाळेला मैदान मिळणार होतं.

"पण जुन्या नकाशात का नाही?" ताईने विचारलं. ताई म्हणजे धाकट्याची मोठी बहीण. तिचं औषधांचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि रविवारी दुकान बंद करून ती माहेरी यायची.

विचारल्यावर तीच जरा चपापली. कारण जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत सही होती ती नानांची, तिच्या वडिलांची. नाना नगररचना कार्यालयात आरेखक होते. गावात भिंतीवरून, गटारावरून, कुंपणावरून कुठेही वाजलं की लोक म्हणत, नानांचा नकाशा काढा, आणि नकाशा निघाला की भांडण मिटायचं. त्या नकाशात चूक असेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

नाना स्टुलावर बसून भिंगातून त्या हिरव्या रंगाकडे पाहत होते. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचं ऐकू येणं कमी झालं होतं, पण हा प्रश्न त्यांना नीट ऐकू आला.

"तो चौकोन मी कोरा सोडला," ते म्हणाले.

मग थांबत थांबत त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा एक नियम होता. कार्यालयाचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. स्वतःची जागा स्वतः मोजायची नाही आणि स्वतःच्या हाताने आखायची नाही. हात केव्हा अर्धा इंच आपल्या बाजूला सरकेल ते सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून अख्खी गल्ली काढून झाल्यावर स्वतःची जागा तेवढी त्यांनी कोरी ठेवली आणि शेजारच्या टेबलावरच्या आरेखकाला ती भरायला सांगितली. तो गृहस्थ इतका ताठ बसायचा की कार्यालयात त्याला काटकोन म्हणत. काटकोन त्याच आठवड्यात आजारी पडून रजेवर गेला, त्याचं काम चौघांत वाटलं गेलं, आणि तो चौकोन कोणाच्याच वाट्याला आला नाही.

ताईने विचारलं, तुम्ही नंतर एकदा बघितलं कसं नाही. नाना म्हणाले, बघायला गेलो असतो तर आपल्या घरासाठी धावलो असं झालं असतं. त्या उत्तरावर ताईने कपाळाला हात लावला. या घरातली माणसं ताटातला शेवटचा तुकडा एकमेकांना सोडून शेवटी तो वाळवून टाकणारी, हे तिला ठाऊक होतं. पण त्या स्वभावापायी एक अख्खी खोली नकाशातून जाईल असं तिलाही वाटलं नव्हतं.

*

सोमवारी दुपारी धाकटा टाइप केलेली हरकत घेऊन वहिनींकडे आला. खोलीचा वापर त्यांचा, त्यामुळे सही त्यांची हवी होती.

रात्रभर नाही, पण सकाळभर तो त्या कागदापाशी बसला होता. त्यात त्याने नानांच्या नियमाचं काही लिहिलंच नव्हतं. ‘तत्कालीन कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे सदर बांधकामाची नोंद राहून गेली,’ एवढंच लिहून मोकळा झाला होता. ताईशी त्याचं फोनवर ठरलंही होतं की मंगळवारी नानांना घरीच ठेवायचं. ते तिथे उभे राहिले की खरं बोलणार, आणि खरं बोलले की गावात ज्याचं ज्याचं कुंपण नानांच्या नकाशामुळे मागे सरकलं होतं तो प्रत्येक जण उठून उभा राहणार. अडतीस वर्षांचं नाव एका सकाळीत मातीत जाणार, आणि त्या गोंधळात खोलीही जाणार.

धाकट्याला खोटं लिहायची हौस नव्हती. अठरा वर्षांचा असताना त्याने कॉलेज सोडून कुठेतरी चिकटायचं ठरवलं होतं. तेव्हा वहिनींनी पहिला सोफा शिवायला घेतला होता. खिळे ठोकताना स्वतःचा अंगठा सुजवून घेतला होता आणि त्याला सांगितलं होतं, तुम्ही परीक्षेचं बघा भाऊजी, ठोकाठोक मी बघते. त्याचे आभार त्याने कधी मानले नव्हते. आधी लाज वाटायची, मग फार उशीर झाला असं वाटायला लागलं. आता एकदा तरी त्यांच्यासाठी काही करायची संधी आली होती, तर ती तो सोडणार नव्हता.

वहिनींनी कागद दोनदा वाचला.

"हा कर्मचारी म्हणजे कोण?"

"कोणी नाही हो वहिनी. काटकोन. ते वारले, त्यालाही आता दहा वर्षं झाली. त्यांचं काय बिघडतंय?"

"त्यांची बायको आहे ना. मागच्याच महिन्यात तिच्या आरामखुर्चीचं कुशन दिलं मी शिवून."

वहिनींच्या मनात काय चाललं होतं ते धाकट्याला दिसत नव्हतं. त्यांना सही करावीशी वाटत होती, अगदी मनापासून. खोली गेली तर पन्नाशीत नव्याने कुठे जागा बघायची, भाडं कुठून काढायचं, हे त्यांनी पहाटेपासून मनात दहा वेळा मांडून पाहिलं होतं. पण त्यांना दुसरंही आठवत होतं. थोरला गेल्यावर नातेवाईक बैठकीच्या खोलीत बसून ठरवत होते की हिला माहेरी पाठवावं. थोरल्याच्या आत्या म्हणाल्या होत्या, तरणीताठी आहे, ठेवून करायचं काय. नाना त्या चर्चेत एक शब्द बोलले नाहीत. ते उठले आणि मागच्या खोलीत जाऊन त्यांनी आपले कागदांचे गठ्ठे, शाईच्या दौती, पट्ट्या, सगळं एकट्याने बाहेर काढलं. आखायचं टेबल तेवढं जागेवर ठेवलं. मग दारात येऊन म्हणाले, हे टेबल मजबूत आहे, कापड कापायला चालेल. तेच टेबल आज त्यांच्या पुढ्यात होतं.

"भाऊजी, नानांना घेऊन जाऊ या," त्या म्हणाल्या. "ते सांगतील तसं होऊ दे. मला ही खोली त्यांनी दिली, त्यांनाच दाराआड ठेवून ती वाचवायची नाही मला."

धाकट्याने पुष्कळ समजावलं. शेवटी चिडून म्हणाला की या घरात सरळ काही म्हणजे काही होत नाही. वहिनींनी ते मान्य केलं, त्याच कागदाच्या पाठीवर हाताने चार ओळींची नवी हरकत लिहिली आणि खाली सही केली. लिहिलं होतं एवढंच की खोली जुनी आहे, ती नकाशात का नाही ते माझे सासरे स्वतः सांगतील.

*

सभागृहात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे टेबलाशी नगररचना अधिकारी बसल्या होत्या. वय असेल पस्तिशीचं, केस आखूड, आणि पुढ्यात हरकतींचा ढीग. यांचा नंबर सोळावा होता. ताई दुकान मदतीच्या मुलीवर सोपवून आली होती आणि धाकट्याच्या शेजारी तोंड पाडून बसली होती. दोन खुर्च्या सोडून सायकलवाले बसले होते. त्यांना पाहून धाकट्याने मान दुसरीकडे वळवली. जुन्या नकाशात सायकलवाल्यांच्या अंगणाची चार फुटांची पट्टी रस्त्याला गेली होती, आणि तेव्हापासून ते नानांशी बोलत नव्हते. भिंतीला भिंत लागून अडतीस वर्षांचा अबोला.

नंबर आला तेव्हा नाना खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. याच खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. त्यांनी रविवारी घरात सांगितलं तेच जसंच्या तसं सांगितलं, काटकोनाला वाचवून आणि स्वतःला न वाचवता. चूक माझी, असं ते दोनदा म्हणाले.

सभागृहात कुजबुज झाली. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अशा आणखी किती जागा कोऱ्या सोडल्यात तुम्ही?"

"एकच," नाना म्हणाले. "मला घर एकच होतं."

मागे कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत, पण त्यांचा आवाज जरा नरमला. त्या म्हणाल्या की चूक कबूल केलीत ते ठीक, पण खोली तेव्हा होती याला पुरावा काय. घरच्यांचं म्हणणं पुरावा म्हणून चालत नाही. धाकट्याने डोळे मिटून घेतले. नेमका हाच पुरावा तळघराच्या पाण्यात गेला होता.

तेवढ्यात सायकलवाले उभे राहिले.

"खोली होती," ते म्हणाले. "मी काच फोडली होती तिची."

सगळ्यांनी माना वळवल्या. सायकलवाल्यांनी घसा खाकरला. मग सांगायला लागले की नकाशा पाहायला ठेवला त्या दिवशी आपलं चार फूट अंगण गेलेलं त्यांना कळलं, बाकीचा नकाशा त्यांनी पाहिलाच नाही. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि डोकं गरम होतं. या माणसाने लोकांचं कापलं आणि स्वतःचं वाचवलं, असं वाटून त्यांनी मागच्या खोलीच्या खिडकीवर दगड मारला. आतला दिवा दिसत होता म्हणून नेमही बरोबर लागला.

"यांनी स्वतःचं वाचवलं म्हणून मी इतकी वर्षं तोंड फिरवलं," ते म्हणाले. "आज ऐकतो तर यांनी स्वतःचं काढलंच नाही. आता मी काय करू सांगा. पण खोली होती. लिहा तुम्ही. काच फोडणाऱ्याचं नाव म्हणून माझं लिहा."

नाना म्हणाले, मला तेव्हाच माहीत होतं कोणी फोडली ते. सायकलवाल्यांनी विचारलं, मग बोलला का नाहीत. नाना म्हणाले, चार फूट गेले होते तुमचे, एक काच जास्त नव्हती. सायकलवाले खाली बसले आणि बराच वेळ रुमालाने तोंड पुसत राहिले.

अधिकारी बाईंनी जबाब लिहून घेतला. मग जुन्या नकाशाची प्रत नानांपुढे सरकवली आणि पेन्सिल दिली. खोली कुठे आहे तेवढी खूण करा, त्या म्हणाल्या, आम्ही जागेवर येऊन मोजून घेऊ.

नानांनी पेन्सिल हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. बाईंना वाटलं दिसत नसेल. धाकट्याला कळलं काय झालं ते, आणि त्याला ओरडावंसं वाटलं. अडतीस वर्षांनी, सुटका इतक्या जवळ आल्यावर, हा माणूस नियम काढून बसणार होता.

नाना त्या कागदाकडे पाहत होते. त्यांना आपली नाही, वहिनींची खोली दिसत होती. पहाटे सहाला लागणारा दिवा, दाराशी रांगेने ठेवलेल्या उघड्या पोटाच्या खुर्च्या. त्या खोलीत ते आता विचारून जात असत.

"मी माझी जागा आखत नाही," ते म्हणाले. "पण ही माझी नाही. बावीस वर्षं झाली, सुनेची आहे. तिच्या नावाने नोंद घ्या, म्हणजे मी काढतो."

बाईंनी विचारलं, तसं लेखी द्याल का. नाना म्हणाले, आत्ता देतो. मग बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं की यांची मुलं हजर आहेत का, त्यांचं काही म्हणणं आहे का.

धाकटा उभा राहिला. "माझी हरकत नाही," तो म्हणाला. खाली बसता बसता पुन्हा उठला. "मी या खोलीवर शिकलो. वहिनींना मी हे कधी सांगितलं नाही. आज लिहून घ्या."

राहिली ताई. तिच्या दुकानाची जागा भाड्याची होती आणि मालक ती खाली करा म्हणत होता. नानांच्या माघारी मागची खोली आपल्याला मिळेल, रस्त्याकडून दार पाडता येईल, हे तिने मनात कधीच आखून ठेवलं होतं. ती सावकाश उठून उभी राहिली. मग तिला आपलं दुसरं बाळंतपण आठवलं. मूल अशक्त होतं, सासरी कोणी नव्हतं, आणि वहिनी कारखान्याला कुलूप घालून सहा आठवडे तिच्या उशाशी बसल्या होत्या. त्यातल्या एका दिवसाचाही उल्लेख त्यांनी पुढे कधी केला नव्हता.

"माझीही नाही," ताई म्हणाली. आणि म्हटल्यावर तिला फार बरं वाटलं.

मग नानांनी आखायला घेतलं. पट्टी मागितली नाही. बावीस बाय चौदाची खोली, खिडकी, दार. सगळे वाकून बघत होते. खोली पुरी झाली तरी पेन्सिल थांबेना. तिने खोलीला लागून आणखी एक लहान आयत काढला.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"पत्र्याची शेड," नाना म्हणाले. "फोम आणि काथ्या ठेवायची. सुनेने नऊ वर्षांपूर्वी बांधली. परवानगी घेतलेली नाही."

धाकट्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. आता मात्र अधिकारी बाईंना हसू आवरलं नाही. लेखी निर्णय येईल, पण खोली आराखड्यात धरली जाईल आणि मैदानाची सीमा मागे घेतली जाईल, असं त्यांनी सांगितलं. शेड मात्र महिन्याभरात काढावी लागेल. असा हरकतदार आपण पहिल्यांदाच पाहिला, असं म्हणत त्यांनी सतरावा नंबर पुकारला.

*

शनिवारी सकाळी धाकटा शिडी लावून शेडचे पत्रे उतरवत होता. सायकलवाले खालून शिडी धरून होते आणि त्याचं प्रत्येक वेळी चुकतंय हे त्याला सांगत होते. ताई आणि वहिनींनी फोमचे गठ्ठे आत आणून टाकले, तेव्हा खोलीत उभं राहायला जागा उरली नाही.

चार दिवस वहिनी आल्यागेल्याला सांगत होत्या की खोली वाचली, देवासारखी माणसं भेटली. ते खरंच होतं. सकाळी दिवा लावताना त्यांना भरून यायचं. पण गठ्ठे रचता रचता त्यांचा जीव मेटाकुटीला आला आणि दारात स्टुलावर बसलेल्या नानांना त्यांनी विचारलंच.

"नाना, तुम्ही मला खोली दिलीत, मी जन्मभर विसरणार नाही. पण शेड दाखवायची काय गरज होती? कोणी विचारलंही नव्हतं."

नानांनी हात कानामागे धरला. वहिनींनी पुन्हा विचारलं.

"खोली मी बांधलेली," नाना म्हणाले. "शेड तू बांधलीस. त्या कागदावर तुझ्या हातचं तेवढंच होतं. तेच गाळू?"

वहिनी गठ्ठ्यावर बसल्या. थोरला गेल्यापासून या माणसासमोर त्या कधी रडल्या नव्हत्या. आज रडल्या. नाना स्टूल उचलून जरा जवळ घेऊन बसले. बाहेर पत्रा निघाल्याचा मोठा आवाज झाला आणि धाकट्याने ओरडून विचारलं की हे भंगारात द्यायचे ना.

वहिनींनी बाहीने डोळे पुसले.

"भंगारात नको," त्या म्हणाल्या. "भिंतीला लावून ठेवा भाऊजी, पोचे नका पाडू. सोमवारी शेडच्या परवानगीचा अर्ज देतेय. नाना नकाशा काढून देणार आहेत."